कॅथेड्रलमधली ऑर्गन कॉन्सर्ट आणि मिस्सेतला ऑर्गन: वाद्य एकच, मामला वेगळा

युरोप ट्रिप ठरवताना आपल्याकडचे लोक हमखास विचारतात, "कॅथेड्रलमध्ये ऑर्गन ऐकायचाय, कधी असतो?" आता याचं उत्तर एका ओळीत देता येत नाही, कारण तिथे, म्हणजे बिशपच्या त्या मुख्य चर्चमध्ये, ऑर्गन दोन अगदी वेगळ्या प्रसंगी वाजतो. एक म्हणजे कॉन्सर्ट, तिकीट काढायचं किंवा दाराशी पेटीत पैसे टाकायचे, हातात कार्यक्रमाचा कागद, तासाभराने टाळ्या. दुसरा प्रसंग म्हणजे मिस्सा, कॅथलिक लोकांची चर्चमधली सामूहिक उपासना (वसईकडे हाच शब्द चालतो म्हणून मीही तोच वापरतोय), किंवा इंग्लंडमध्ये असाल तर संध्याकाळची इव्हनसाँग, जिथे ऑर्गन उपासनेचा भाग म्हणून वाजतो. वाद्य तेच, वाजवणारा पुष्कळदा तोच, कधीकधी तर रचनाही तीच, त्यामुळे लोकांना वाटतं की फरक काय तो फक्त तिकिटाचा. तसं नाहीये. काकड आरतीतला अभंग आणि नाट्यगृहात तिकीट काढून ऐकलेला अभंग यात जेवढं अंतर आहे तेवढं इथे नक्कीच आहे, मला तर थोडं जास्तच वाटतं.

आधी एक खुलासा करून टाकतो, कारण हा घोळ नेहमी होतो. ऑर्गन म्हटलं की आपल्याला संगीत नाटकातला पायाने भाता मारायचा ऑर्गन आठवतो, बालगंधर्वांच्या पदांमागे वाजायचा तो. त्यात पेटीसारख्या रीड असतात. कॅथेड्रलमधला ऑर्गन पाइपांचा, म्हणजे प्रत्येक स्वराला आणि प्रत्येक प्रकारच्या आवाजाला वेगळा पाइप, काही पाइप पेन्सिलीएवढे तर काही दोन-तीन मजली. पॅरिसच्या नोत्र दामच्या मोठ्या ऑर्गनमध्ये जवळजवळ ८,००० पाइप आहेत, हाताचे ५ कीबोर्ड, पायाचा एक वेगळा, आणि ११५ स्टॉप. स्टॉप म्हणजे एकेका जातीच्या पाइपांची रांग चालू-बंद करायची खुंटी.

आता कॉन्सर्ट. जर्मनीत पासाऊला सेंट स्टीफन कॅथेड्रल आहे, तिथला ऑर्गन जगातला सगळ्यात मोठा कॅथेड्रल ऑर्गन म्हणून ओळखला जातो, १७,९७४ पाइप आणि २३३ स्टॉप असा त्याचा प्रसिद्ध आकडा. तिथे मे ते ऑक्टोबर दुपारी १२ ला अर्ध्या तासाची कॉन्सर्ट करायची जुनी प्रथा आहे, आणि कॉन्सर्ट म्हणजे काय ते समजायला हे बरोबर उदाहरण आहे. कार्यक्रम आधी ठरलेला. लोक ऐकायलाच आलेले असतात. ऑर्गनिस्टने जर्मन संगीतकार बाखची 'पासाकालिया' ही लांबलचक रचना लावली तरी कोणी अडवणार नाही, शेवटचा स्वर घुमटात विरेपर्यंत त्याने हात वर धरून ठेवले तरी चालतं. थोडक्यात घड्याळ त्याच्या हातात.

पण त्यामागची मेहनत लोकांना दिसत नाही. व्हायोलिनवाला स्वतःचं व्हायोलिन घेऊन फिरतो, ऑर्गनिस्टला मात्र जिथे जाईल तिथलं वाद्य वाजवावं लागतं आणि दोन ऑर्गन कधीच सारखे नसतात. म्हणून पाहुणा ऑर्गनिस्ट कॉन्सर्टच्या आधी, पर्यटक निघून गेल्यावर, रात्री कॅथेड्रलमध्ये बसतो आणि एकेका पानासाठी कुठले स्टॉप ओढायचे ते ठरवून ते वाद्याच्या मेमरीत साठवतो. रात्रीच का, तर दिवसा लोकांची ये-जा, मिस्सा, गाइडची बडबड, आणि शिवाय नोत्र दामसारख्या ठिकाणी आवाज सुमारे ६ सेकंद घुमतो, त्यामुळे रचना तीच ठेवून वेग आणि आवाज त्या इमारतीला जुळवून घ्यावे लागतात. घरी सफाईने वाजवलेला जलद तुकडा तिथे जाऊन नुसता गोंगाट होऊ शकतो.

मिस्सेत हे सगळं उलटं. तिथे घड्याळ फादरच्या हातात असतं.

अर्पणविधीच बघा ना. भाविक भाकर आणि द्राक्षारस वेदीकडे नेतात, फादर ते घेतात, हळू आवाजात प्रार्थना म्हणतात, सणाची मिस्सा असेल तर धूपदाणी येते, वेदीला धूप दाखवला जातो, मग फादर हात धुतात. याला कधी दोन मिनिटं लागतात, कधी पाच, आधी कोणीच सांगू शकत नाही. आणि ऑर्गनिस्ट बसलेला कुठे, तर मुख्य दाराच्या वरच्या सज्जात, वेदीच्या थेट दुसऱ्या टोकाला. नोत्र दामची लांबीच सुमारे १२८ मीटर आहे. म्हणून कन्सोलजवळ, म्हणजे तो जिथे बसून वाजवतो तिथे, स्क्रीन असतो, पूर्वी आरसा असायचा, त्यात बघत बघत वाजवायचं. फादरनी हात पुसायला रुमाल उचलला की समजायचं आता आवरतं घ्या, आणि आवरायचं ते सुद्धा धाडकन नाही, आवाज हळूहळू खाली आणत, पुढे जे गायलं जाणार आहे त्याच्या पट्टीत नेऊन सोडायचं. धूप लांबला तर तेच वाढवत न्यायचं आणि ते वाढवल्यासारखं वाटता कामा नये. छापील रचना अशी हवी तिथे तोडता येत नाही, म्हणून फ्रान्सच्या मोठ्या चर्चमध्ये ऑर्गनिस्ट जागच्या जागी रचून वाजवतात, इम्प्रोव्हायझेशन. पॅरिसच्या कॉन्झर्वेटरीत ऑर्गन शिकणाऱ्यांना हे वर्षानुवर्षं घोटून शिकवलं जातं. माझं मत विचाराल तर पॅरिसमध्ये एकच गोष्ट ऐकायला वेळ असेल तर मिस्सेला जा. कॉन्सर्टमधला बाख तुम्हाला रेकॉर्डिंगमध्येही मिळेल, त्या रविवारचं अर्पण परत कुठेही मिळणार नाही.

चर्चलाही हा वेळेचा मुद्दा जुनाच ठाऊक आहे. १९०३ मध्ये पोप दहावे पायस यांनी चर्चसंगीताबद्दल जे नियम काढले त्यात स्पष्ट आहे की संगीतासाठी फादरला वेदीपाशी ताटकळत ठेवायचं नाही. आणि त्याच्याही दोनशे वर्षं आधी, १७०६ मध्ये, जर्मनीतल्या आर्नश्टाट गावच्या चर्चच्या वरिष्ठांनी तरुण बाखला बोलावून झापलं होतं, की तू स्तोत्रांमध्ये चमत्कारिक स्वर घुसवतोस, लोक गाता गाता गोंधळतात, शिवाय तू फार वेळ वाजवायचास आणि त्याबद्दल बोललो तर आता मुद्दाम फारच थोडं वाजवतोस! बाख तेव्हा जेमतेम विशीचा. ही सगळी भांडणं उपासनेतल्या ऑर्गनची आहेत, कॉन्सर्टमध्ये अशी तक्रार करायला कोणाला जागाच नाही.

गंमत म्हणजे त्याच सुमाराला बाख रजा काढून ल्युबेकला गेला होता, चार आठवड्यांची रजा आणि साहेब परतले चारेक महिन्यांनी. तिथे सेंट मेरी चर्चमध्ये बुक्स्टेहुडे नावाचा थोर ऑर्गनिस्ट होता आणि तो ख्रिसमसच्या आधीच्या ठरावीक रविवारी दुपारच्या उपासनेनंतर 'आबेंडमुझिक' म्हणजे सायंसंगीताचे कार्यक्रम करायचा, खर्च गावचे व्यापारी उचलायचे. चर्च तेच पण उपासना संपलेली आणि पैसा व्यापाऱ्यांचा, म्हणजे आजच्या चर्च कॉन्सर्टची पूर्वजच म्हणा.

ॲम्स्टरडॅममध्ये तर याहून मजेदार प्रकार होता. १५७८ मध्ये शहर प्रोटेस्टंट झालं आणि तिथल्या कॅल्व्हिन पंथाच्या लोकांना उपासनेत ऑर्गन नको होता. मग चर्चमधल्या एवढ्या मोठ्या वाद्याचं करायचं काय? ऑर्गन शहराच्या मालकीचा होता, ऑर्गनिस्ट स्वेलिंक शहराच्या पगारावर, तर तो आउडे केर्क या चर्चमध्ये उपासनेच्या आधी आणि नंतर वाजवायचा, शहरातल्या लोकांसाठी. म्हणजे एकाच छताखाली प्रार्थना सुरू असताना ऑर्गन गप्प आणि प्रार्थना संपली की ऑर्गन सुरू. उपासनेचा ऑर्गन आणि ऐकायचा ऑर्गन यांच्यात इतकी स्वच्छ रेघ दुसरीकडे क्वचितच सापडेल.

रचनांचंही तसंच, पुष्कळशा रचना मिस्सेसाठी लिहिल्या गेल्या आणि आज कॉन्सर्टमध्येच ऐकू येतात. फ्रेंच संगीतकार कुपरँने १६९० मध्ये, वयाच्या एकविशीत, दोन ऑर्गन मिस्सा काढल्या, प्रत्येकीत २१ तुकडे. त्या काळी गायकांनी एक ओळ गायची, पुढच्या ओळीच्या जागी ऑर्गनने एक छोटा तुकडा वाजवायचा, परत गायक, अशी पद्धत होती. आता कॉन्सर्टमध्ये हे २१ तुकडे सलग वाजवले की पाचव्या-सहाव्या तुकड्याला माणूस विचारात पडतो की हे इतकं तुटक तुटक का आहे. तुटक नाहीये ते, मधल्या गाण्याच्या जागा गाळल्यात. काही जाणते ऑर्गनिस्ट म्हणून कॉन्सर्टमध्येही दोन-चार गायक उभे करतात आणि मग एकदम सगळं जागेवर बसतं. उलट बाजूने, फ्रेंच संगीतकार विदोरची 'टोकाटा' ही जलद रचना म्हणजे त्याच्या पाचव्या ऑर्गन सिम्फनीचा शेवटचा भाग, पण आज निम्म्या जगाला ती लग्नात वधूवर चर्चमधून बाहेर पडतानाची धून म्हणून माहीत आहे. हाच विदोर पॅरिसच्या सँ-सुल्पीसमध्ये १८७० ते १९३३ ऑर्गनिस्ट होता, दर रविवारी मिस्सा वाजवत. (सँ-सुल्पीस कॅथेड्रल नाही, पण ऑर्गनच्या बाबतीत कुठल्याही कॅथेड्रलच्या तोंडात मारेल असं चर्च आहे.)

फ्रान्समध्ये अजून एक गोष्ट लक्षात ठेवा, मोठ्या चर्चमध्ये ऑर्गन सहसा दोन असतात. वेदीजवळचा छोटा, तो गायकांना साथ देतो, आणि दारावरचा मोठा, तो स्वतंत्र वाजतो. मिस्सेत दोन्ही ऐकू येतात, दोन टोकांवरून एकमेकांना उत्तरं दिल्यासारखे. कॉन्सर्टला बहुतेक वेळा फक्त मोठाच.

आणि इम्प्रोव्हायझेशन कॉन्सर्टमध्ये नसतंच असंही नाही बरं का, पण तिथे ते वेगळ्या जातीचं. कोणीतरी एक धून देतं आणि ऑर्गनिस्ट त्यावर आपली करामत दाखवतो. नोत्र दामचा जवळजवळ अंध ऑर्गनिस्ट लुई व्हिएर्न २ जून १९३७ ला तिथेच कॉन्सर्ट देत होता, त्याची १७५० वी. स्वतःची रचना वाजवून झाली होती, आता दिलेल्या धुनेवर सुरू करायचं, स्टॉप ओढले आणि तो कोसळला, पाय खालच्या कीबोर्डवर पडला आणि तो एकच खर्जातला स्वर कॅथेड्रलभर वाजत राहिला असं सांगतात. शिष्य द्युरुफ्ले शेजारी होता.

दोन्ही प्रकार लोकांनी एकमेकांत मिसळले ते नोत्र दाम परत उघडलं तेव्हा. १५ एप्रिल २०१९ च्या आगीत मोठा ऑर्गन जळला नव्हता, पण छपराच्या शिशाची धूळ आत बसली होती, म्हणून २०२० मध्ये तो सुटा केला, आणि नंतर साफ करून परत जोडला. ७ डिसेंबर २०२४ ला पॅरिसचे आर्चबिशप उलरिक यांनी ऑर्गनला आठ वेळा हाक दिली, जागा हो म्हणून, आणि प्रत्येक हाकेला वरून एकेक उत्तर आलं, जागच्या जागी रचलेलं. टीव्हीवर बघणाऱ्या पुष्कळ लोकांना ते कर्कश वाटलं, एवढ्या मोठ्या सोहळ्याला नीट चाल का नाही वाजवली म्हणून कुरकुर झाली. आता कॉन्सर्ट म्हणून ऐकलं तर ती कुरकुर रास्त आहे. पण ते उपासनेतलं उत्तर होतं, पाच वर्षं गप्प असलेल्या वाद्याचे एकेक आवाज जागे करत नेणं, त्यात गुणगुणायला चाल कशाला हवी?

जायचंच ठरवलंत तर काही कामाच्या गोष्टी. मिस्सा आणि इव्हनसाँगला पैसे लागत नाहीत, कोणीही जाऊन मागे शांत बसावं, धर्म विचारत नाहीत, फक्त मधेच उठून फोटो काढत फिरू नका आणि टाळ्या वाजवू नका. शेवटी लोक बाहेर पडायला लागले की ऑर्गनिस्ट मोठी रचना वाजवतो, तीच पुष्कळदा दिवसातली सगळ्यात दणदणीत असते आणि नेमकं तेव्हाच सगळे गप्पा मारत दाराकडे चाललेले असतात, तुम्ही बसून राहा. कॉन्सर्टच्या पैशांचं मात्र गाडं जरा अडलेलं आहे, व्हॅटिकनच्या १९८७ च्या पत्राप्रमाणे कॅथलिक चर्चमधल्या कॉन्सर्टला प्रवेश फुकट हवा, तरी कित्येक ठिकाणी तिकीट असतं, तेव्हा आधी बघून जा. आणि खुर्च्या वेदीकडे तोंड करून असतात, म्हणजे सज्जातला ऑर्गन तुमच्या पाठीमागे. वळून वळून मान मोडून घेण्यात अर्थ नाही, वाजवणारा तसाही दिसत नाही, काही ठिकाणी समोर स्क्रीन लावतात तेवढंच.

तारखांचं मात्र नक्की बघा. ईस्टरच्या आधीच्या ४० दिवसांच्या उपवासकाळात, लेंटमध्ये, कॅथलिक मिस्सेत ऑर्गन फक्त गाण्याच्या साथीला वाजतो, एकट्याने नाही, मधला एखादा रविवार किंवा सण सोडून. आणि गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी 'ग्लोरिया' हे स्तुतिगीत झालं की ईस्टरच्या रात्रीच्या ग्लोरियापर्यंत ऑर्गन एकट्याने अजिबात वाजत नाही. मार्चमध्ये स्वस्त तिकीट मिळालं म्हणून पॅरिसला निघालात आणि मिस्सेत मोठा ऑर्गन ऐकायची आशा धरलीत तर पंचाईत होईल, त्या दिवसांत सरळ कॉन्सर्टचं वेळापत्रक शोधा, किंवा ट्रिप ईस्टरच्या रविवारपर्यंत लांबवता आली तर बघा.