सर्फबोर्डचं खरं डोकं शेपटीकडे

सर्फबोर्डवर, म्हणजे लाटेवरून सरकायच्या फळीवर, उभं राहून सरळ किनाऱ्याकडे येणं त्या मानाने सोपं, अवघड आहे ते लाटेच्या उतारावरून आडवं पळणं. लाट एका बाजूने मोडत जाते आणि त्या फेसाच्या पुढे राहायचं तर आडवंच जावं लागतं, पण तिरक्या पाण्यावर बोर्डचा मागचा भाग सारखा खाली घसरायला बघतो, आणि तो घसरला की बोर्ड गर्रकन फिरतो आणि माणूस पाण्यात. सर्फबोर्डच्या डिझाइनबद्दल जितकं वाचत गेलो तितकं मला पटत गेलं की लाकूड, फोम, लांबी हे सगळं आहेच, पण मूळ भांडण या घसरणाऱ्या शेपटीशी आहे.

हवाईच्या जुन्या बोर्डांना खाली फिन, म्हणजे पाण्यात बुडणारं उभं पातं, असलं काहीच नसायचं. ओलो हा राजे-सरदारांचा बोर्ड, १५ फुटांच्या वर, जाड, बहुतेक विलीविलीच्या हलक्या लाकडाचा (हे झाड आपल्या पांगाऱ्याच्याच प्रजातीतलं). अलाया त्याहून लहान आणि एकदम पातळ, कोआ किंवा निरफणसाच्या लाकडाची, हो तोच कोकणातला निरफणस. मग फिनशिवाय अलाया आडवी कशी जायची? तर पातळ असल्यामुळे तिची लाटेकडची कडा पाण्यात रुतते आणि ती रुतलेली कडाच घसरणं थांबवते. ओलो मात्र मस्त तरंगतो, वेगही घेतो, पण वळवायचं म्हणजे महाकठीण काम.

१९३५ मध्ये हवाईतल्या वायकिकीला टॉम ब्लेक या अमेरिकन सर्फरने एका टाकून दिलेल्या स्पीडबोटीची खालची पट्टी काढून आपल्या बोर्डच्या मागे लावली, आणि फिनची सुरुवात तिथून झाली. पण लगेच सगळ्यांनी ती उचलली असं काही झालं नाही. दोनच वर्षांनी होनोलुलूमध्ये जॉन केली आणि त्याच्या मित्रांनी याच त्रासावर वेगळा उपाय काढला, सरळ कुऱ्हाड घेऊन बोर्डची शेपटीच दोन्ही बाजूंनी तासून अरुंद केली. अरुंद शेपटी पाण्यात खोल बसते म्हणून घसरत नाही. या बोर्डांना हॉट कर्ल म्हणतात. यात किंमत मोजावी लागते ती वेगाची, कारण शेपटी जेवढी बुडेल तेवढं पाणी अडवणार, आणि रुंद सपाट शेपटी पाण्यावरून सुळकन सरकते पण पकड देत नाही. पुढची सगळी गोष्ट ही या दोन टोकांच्या मधली आहे.

कॅलिफोर्नियाचा बॉब सिमन्स हा कॅलटेक या तंत्रविज्ञानाच्या विद्यापीठात शिकलेला माणूस. वेगात पाण्यावर उचलल्या जाणाऱ्या बोटींच्या तळावरचं संशोधन त्याने वाचलं आणि १९४० च्या दशकाच्या शेवटी रुंद शेपटीचे, कडेला दोन फिन असलेले बोर्ड बनवले, त्यावर फायबरग्लास. मला तो या सगळ्यात सर्वात पुढचं बघणारा वाटतो, १९५४ मध्ये सर्फिंग करतानाच गेला, नाहीतर अजून काय काय केलं असतं कोण जाणे.

मग बाल्सा लाकूड, १९५० च्या दशकाअखेर पॉलियुरेथेन फोम, त्याने बोर्ड हलके झाले आणि रंधा मारून हवा तो आकार पटकन काढता यायला लागला.

खरी उडी कॅलिफोर्नियाच्याच जॉर्ज ग्रीनो या सर्फरने घेतली. तोवर फिन म्हणजे रुंद, जाड, डी अक्षराच्या आकाराचा तुकडा असायचा. ग्रीनोने ट्यूना माशाच्या शेपटीकडे बघितलं आणि अरुंद, मागे झुकलेली, टोकाला लवचिक अशी फिन केली. फिन म्हणजे उभा लावलेला विमानाचा पंखच, पाणी तिच्यावर थोडं तिरकं आलं की बाजूचा जोर तयार होतो आणि तो जोर शेपटी धरून ठेवतो. कोन जास्त झाला की प्रवाह फिनपासून सुटतो आणि पकड एका क्षणात जाते. उंच अरुंद फिन कमी पृष्ठभागात जास्त जोर देते, ओढही कमी. १९६६ मध्ये सॅन डिएगोच्या जागतिक स्पर्धेत ऑस्ट्रेलियाचा नॅट यंग तशा फिनच्या बोर्डवर जिंकला आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांत नऊ फुटांचे बोर्ड सात फुटांच्या आसपास आले.

कडांचंही असंच. चमच्याची पाठ नळाच्या धारेला लावून बघा, धार वळून चमच्याला चिकटते आणि चमचा आत ओढला जातो. बोर्डची गोल कडा पाण्याला तशीच धरते, तीक्ष्ण कडेवरून पाणी तुटून सुटतं. म्हणून बोर्ड मध्ये गोल आणि शेपटीकडे धारदार ठेवतात.

१९७९ ते १९८२ ऑस्ट्रेलियाचा मार्क रिचर्ड्स दोन फिनच्या बोर्डवर सलग चार वेळा जगज्जेता झाला. छोट्या लाटांत तो बोर्ड अफाट, मोठ्या लाटेत मात्र शेपटी सुटायची. सायमन अँडरसन हा ऑस्ट्रेलियाचाच धिप्पाड सर्फर, त्याला तर ते अजिबात जमेना, म्हणून १९८० मध्ये त्याने सारख्या आकाराच्या तीन फिन लावल्या, दोन कडेला आणि एक मागे मधोमध. कडेच्या फिन पुढच्या टोकाकडे किंचित वळवलेल्या, आतून सपाट आणि बाहेरून फुगीर, त्यामुळे बोर्ड कलला की आतल्या बाजूची फिन लगेच जोर धरते आणि मागची शेपटीला सुटू देत नाही. पकड फिनकडून मिळाली म्हणून शेपटी पुन्हा रुंद ठेवता आली, म्हणजे वेगही राहिला. १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बेल्स बीचच्या प्रचंड लाटांत तो या बोर्डवर स्पर्धा जिंकला, त्याच वर्षी हवाईतली पाइपलाइन मास्टर्स स्पर्धाही, आणि या तीन फिनच्या बोर्डचं, म्हणजे थ्रस्टरचं, पेटंट त्याने घेतलंच नाही. ज्याला वाटेल त्याने बनवावा. याचं मला फार मोल वाटतं.

आता आकार कॉम्प्युटरवर काढतात आणि मशीन फोम कापून देतं, त्यामुळे जमलेला बोर्ड परत तसाच बनवता येतो. पण मोडणाऱ्या लाटेचं पाणी, त्यात मिसळलेली हवा आणि दर क्षणी पाय हलवणारा माणूस हे सगळं एकत्र गणितात बसवणं अजून फार अवघड आहे, म्हणून शेपर, म्हणजे बोर्डला आकार देणारा कारागीर, आजही बोर्ड चालवणाऱ्याला विचारतो की मागून सुटतोय की अडकतोय, आणि पुढच्या बोर्डला शेपटीकडून थोडंसं कमी-जास्त करतो.