१.५ टीबी डेटा आणि ६७ किलोमीटरची टेपची धाव

गिरगावातल्या आमच्या गणेशोत्सव मंडळाचे दहा-बारा वर्षांचे फोटो नि व्हिडिओ माझ्याकडे असतात, मागच्या पावसाळ्यात त्यातली एक हार्ड डिस्क एका रात्रीत गेली, दुसरी कॉपी होती म्हणून निभावलं. मग लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड एलटीओ-५ टेप ड्राइव्ह आणला (एलटीओ म्हणजे कॉम्प्युटरचा डेटा साठवायच्या टेपचा एक प्रकार, ५ ही त्याची पिढी) आणि डेस्कटॉपमध्ये तो जोडायला सॅस कार्ड लावलं (हे कार्ड लागतंच, घरच्या हार्ड डिस्कच्या साध्या साटा केबलवर ड्राइव्ह चालत नाही).

टेप म्हटलं की आपल्याला गाण्यांची कॅसेट आठवते, आणि तत्त्व तेच आहे, प्लास्टिकच्या पट्टीवर चुंबकीय कणांचा थर आणि त्यांची दिशा बदलून लिहायचं. पण इथे अर्धा इंच रुंद, ८४६ मीटर लांब पट्टी आणि तेवढ्याशा रुंदीत १,२८० ट्रॅक, म्हणजे लांबीभर जाणाऱ्या समांतर ओळी! हेड एका वेळी १६ ट्रॅक लिहितो, आणि टोकाला पोचल्यावर रिवाइंडची वाट बघत नाही. आपली लोकल चर्चगेटला वळून येत नाही ना, मोटरमन दुसऱ्या टोकाच्या केबिनमध्ये बसतो आणि गाडी उलटी सुटते, अगदी तसंच, हेड किंचित सरकतो, पुढचे १६ ट्रॅक पकडतो आणि टेप उलट दिशेने धावायला लागते. अशा ८० फेऱ्या झाल्या की टेप भरली. ८४६ गुणिले ८० करून बघा, ६७ किलोमीटरच्या वर जातं, म्हणजे चर्चगेट ते विरार आणि वर थोडं, तेही तीन तासांत, सेकंदाला सहा मीटरपेक्षा जास्त वेगाने.

हा वेगच नवीन माणसाला नडतो. ड्राइव्ह सेकंदाला १४० एमबी लिहितो, आणि कॉम्प्युटरने तेवढा डेटा पुरवला नाही तर तो आधी वेग कमी करून बघतो, तेही पुरलं नाही तर थांबतो. पण धावती टेप जागच्या जागी थांबत नाही, थोडी पुढे जाते, मग मागे घ्यायची, पुन्हा वेग पकडायचा, मग पुढचं लिहायचं. पहिल्या रात्री मी जुन्या डिस्कवरचे हजारो बारीक फोटो थेट टेपवर टाकले तर ड्राइव्ह सारखा घर्र करून थांबायचा, मागे जायचा, परत घर्र. बूटपॉलिशचं फडकं जसं मागेपुढे घासतात तशी टेप हेडवर घासत राहते, त्यात वेळ जातो आणि टेप नि हेड दोन्ही झिजतात. आता मी आधी सगळे फोटो एसएसडी या वेगवान डिस्कवर एका मोठ्या टार फाइलमध्ये (अनेक फाइलींचं एकच गाठोडं) बांधतो आणि मग टेपवर टाकतो, आवाज एकसुरी येतो, तो ऐकूनच कळतं की काम नीट चाललंय.

एलटीओ-५ पासून एलटीएफएस ही टेपवर फाइली मांडायची पद्धत आली, त्यामुळे टेप पेन ड्राइव्हसारखी फोल्डर म्हणून दिसते आणि फाइली ओढून टाकता येतात. दिसण्यावर जाऊ नका. मधली एखादी फाइल उघडायची तर पट्टी तिथपर्यंत पळवावी लागते, मिनिटभर सहज जातो. फाइल डिलीट केली तरी जागा मोकळी होत नाही, त्यासाठी अख्खी टेप परत फॉरमॅट करावी लागते. म्हणून रोजच्या कामाला ही वापरूच नका, घरात जे सामान आपण माळ्यावर ठेवतो तेवढंच टेपवर जावं. आणि खोक्यावर ३ टीबी लिहिलेलं असतं ते डेटा कॉम्प्रेस होऊन निम्मा होईल असं धरून, आपले व्हिडिओ आधीच कॉम्प्रेस केलेले असतात, तेव्हा १.५ टीबीच धरा.

नीट ठेवली तर टेप ३० वर्षं टिकते म्हणतात, पण ते थंड, कोरड्या खोलीत. मुंबईत जुलैची दमट हवा म्हणजे टेपची शत्रूच, बुरशीने खाल्लेल्या लग्नाच्या व्हिडिओ कॅसेट आपल्यापैकी कितीतरी घरांत निघाल्यात. मी टेप घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत उभी ठेवतो. ड्राइव्हचंही लक्षात ठेवा, एलटीओ-५ ची टेप एलटीओ-७ च्या ड्राइव्हपर्यंतच वाचता येते, एलटीओ-८ तिला हात लावत नाही, त्यामुळे काही वर्षांनी सगळं नव्या टेपवर हलवायचं काम आहेच.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा कितीतरी तळमजल्यांवरच्या घरांतले अल्बम गेले. म्हणून दुसरी टेप पुण्याला मावशीकडे, कपाटाच्या वरच्या खणात. देताना तिच्या कोपऱ्यातली छोटी खिटी सरकवून लॉक केली, म्हणजे चुकूनही कुणी वर लिहू शकणार नाही, आणि लेबलवर पेनाने लिहिलं, "मंडळ, सगळी वर्षं, एलटीओ-५".