मान्ना: एका दिवसाचे माप

इस्राएल लोक हिब्रू पंचांगातल्या नीसान महिन्याच्या पंधराव्या दिवशी मिसर (इजिप्त) देशातून निघाले. बरोबर महिन्याने, पुढच्या इयार महिन्याच्या पंधराव्या दिवशी, ते एलीम आणि सीनाय यांच्यामधल्या सीन रानात पोहोचले. निघताना घाईत घेतलेली, न फुगलेली कणीक तोवर संपली होती. ती नेमकी ६१ जेवणांना पुरली असा हिशेब जुन्या भाष्यकारांनी मांडला आहे. लोक आपले पुढारी मोशे आणि अहरोन यांच्यावर चिडले: मिसरात निदान मांसाची भांडी समोर असायची, इथे उपाशी मारायला आणलेत का? बायबलमधल्या निर्गम ग्रंथाच्या सोळाव्या अध्यायात या तक्रारीला उत्तर म्हणून मान्ना, म्हणजे आकाशातून पडणारे अन्न, येतो. यहुदी परंपरेत देवावरच्या भरवशाबद्दल जे जे बोलले गेले, त्यातले बरेचसे या एका अध्यायाभोवती फिरते.

मान्नाचे वर्णन मोजके पण नेमके आहे. दव उठले की जमिनीवर हिमकणांसारखे बारीक काहीतरी दिसे. आकार धण्याएवढा, रंग पांढरा, चव मधातल्या पातळ पोळीची. गणना या ग्रंथात थोडा वेगळा तपशील येतो: लोक तो जात्यात दळत किंवा उखळात कुटत, भांड्यात शिजवत, त्याच्या पोळ्या करत आणि चव तेलात केलेल्या पोळीसारखी लागे. म्हणजे मान्ना आयता ताटात पडत नव्हता. पहाटे उठून वेचायचा, दळायचा, शिजवायचा, आणि ऊन चढायच्या आत वेचणे आटोपायचे, कारण नंतर तो वितळून जाई.

खरे महत्त्व आहे ते त्याच्याबरोबर आलेल्या नियमांना. माणशी एक ओमेर घ्यायचा. तंबूत जितकी माणसे तितके ओमेर. ओमेर म्हणजे एफा या धान्यमापाचा दहावा भाग. रब्बींच्या, म्हणजे यहुदी धर्मगुरूंच्या, मोजणीत तो ४३ अंडी आणि एक पंचमांश अंड्याच्या आकारमानाएवढा, आजच्या हिशेबात साधारण २ ते २.५ लिटर. कोणी जास्त वेचले, कोणी कमी. पण मापून पाहिले तर जास्तवाल्याचे उरले नाही आणि कमीवाल्याला कमी पडले नाही. सकाळपर्यंत काही शिल्लक ठेवायचे नाही. काहींनी ठेवले, त्यात किडे पडले, दुर्गंधी सुटली आणि मोशे संतापला. सहाव्या दिवशी मात्र माणशी दोन ओमेर मिळत. भाजायचे ते भाजून आणि शिजवायचे ते शिजवून घ्यायचे आणि उरलेले सातव्या दिवसासाठी ठेवायचे. ते मात्र नासत नसे. सातव्या दिवशी काही जण तरीही वेचायला गेले आणि रिकाम्या हाताने परतले.

इथे चूक दोन दिशांनी होते, आणि आमच्या मते या अध्यायाचा गाभा तिथेच आहे. साठवू नका असे सांगितले तेव्हा काहींनी साठवले. साठवलेले पुरेल असे सांगितले तेव्हा काहींनी त्यावर भरवसा ठेवला नाही. साठवण करणे वाईट असा सरसकट नियम इथे नाहीच. तोच मान्ना मंगळवारी रात्री ठेवला तर सडतो आणि शुक्रवारी ठेवला तर टिकतो. फरक पदार्थात नाही, सांगितलेले ऐकण्यात आहे. शब्बाथचा, म्हणजे सातव्या दिवसाच्या विश्रांतीचा, नियम सीनायवरच्या दहा आज्ञांच्या आधी इथेच प्रथम पाळायला मिळतो, हेही लक्षात घ्यावे.

हे सारे ‘त्यांची परीक्षा पाहावी म्हणून’ असे मजकुरातच म्हटले आहे. परीक्षा कसली, यावर मध्ययुगीन भाष्यकारांचे एकमत नाही. अकराव्या शतकातल्या फ्रान्समधले राशी साधा अर्थ घेतात: शिल्लक ठेवू नये आणि शब्बाथला वेचायला जाऊ नये, हे नियम लोक पाळतात का ते पाहायचे होते. तेराव्या शतकातले स्पेनचे रामबान म्हणतात, परीक्षा टंचाईची होती. रानात दुसरे अन्न नाही, जे आहे ते वाडवडिलांनीही कधी पाहिलेले नाही, तेही रोज त्या दिवसापुरतेच. तरी माणसे मागे चालत राहतील का? इटलीतले स्फोर्नो, पंधराव्या-सोळाव्या शतकातले, नेमके उलटे सांगतात: कष्टाशिवाय पोट भरू लागले की माणूस देवाच्या वाटेने चालतो का, ही परीक्षा. तिन्ही अर्थ मजकुरात बसतात, पण रामबान आणि स्फोर्नो एकत्र वाचले तरच पूर्ण चित्र मिळते. कमतरता आणि सुबत्ता, दोन्हींत भरवसा डळमळू शकतो.

बायबलमधल्या अनुवाद नावाच्या ग्रंथात याच अन्नाला ‘कष्ट देणारे’ म्हटले आहे. पोटभर मिळणारे अन्न कष्ट कसे देईल? तालमूद या रब्बींच्या चर्चांच्या प्राचीन संग्रहातल्या योमा भागात रब्बी अम्मी आणि रब्बी अस्सी यांची दोन उत्तरे येतात. एक म्हणतो, टोपलीत भाकर असलेला आणि नसलेला सारखे नसतात: खाऊन झाल्यावर उद्याचे काही दिसत नसेल तर पोट भरूनही भूक राहते. दुसरा म्हणतो, पाहून खाणे आणि न पाहता खाणे सारखे नसते: मान्नात हवी ती चव लागे, पण डोळ्यांना मात्र मान्नाच दिसे. हातावर पोट असलेल्या माणसाला पहिले उत्तर समजावून सांगावे लागत नाही.

मग देवाने वर्षाचा साठा एकदम का दिला नाही? हा प्रश्न रब्बी शिमोन बार योहाय यांच्या शिष्यांनी विचारला, दुसऱ्या शतकात. शिमोन यांनी दृष्टान्त दिला. एका राजाने मुलाला वर्षाचा खर्च एकदम नेमून दिला, तर मुलगा वर्षातून एकदाच बापाच्या भेटीला येई. राजाने तो रोज द्यायला सुरुवात केली, मुलगा रोज येऊ लागला. तसेच चार-पाच लेकरांचा बाप रानात चिंतेने म्हणे, उद्या मान्ना पडला नाही तर सगळी उपाशी मरतील. आणि त्याचे मन स्वर्गातल्या पित्याकडे वळे. तालमूद याच्या शेजारीच दोन साधी कारणेही देते: ताजे, गरम खायला मिळावे आणि प्रवासात ओझे वाहावे लागू नये. या उत्तरात चिंता नाहीशी होत नाही. बापाची काळजी खरी आहे. ती कोणाकडे न्यायची एवढेच बदलते.

साठवावे की नाही

‘रोजचे रोज वेचावे’ या शब्दांवर मेखिल्ता या जुन्या भाष्यसंग्रहात मोठा वाद आहे. मोदीइनचे रब्बी एलाझार म्हणतात, ज्याने दिवस निर्माण केला त्याने त्या दिवसाची रोजीही निर्माण केली. आज खायला असून उद्या काय खाऊ असे जो म्हणतो त्याची श्रद्धा उणी. रब्बी यहोशुआ यांना यातून आजच उद्याचे वेचण्याची मुभा दिसते, जशी शुक्रवारी शब्बाथसाठी होती. त्यांच्या मते सकाळी दोन नियम, संध्याकाळी दोन नियम शिकून दिवसभर आपल्या धंद्यात राहिलेल्या माणसाने जणू सगळी तोरा, म्हणजे मोशेचे धर्मशास्त्र, पाळली. आणि शिमोन बार योहाय दुसऱ्या टोकाला उभे राहतात: तोराचा अभ्यास मान्ना खाणाऱ्यांनाच शक्य आहे, कारण पोटाची चिंता असलेला माणूस बसून शिकणार कसा?

हाच वाद तालमूदच्या बेराखोत भागात पुन्हा उघडतो. रब्बी इश्माएल म्हणतात, ‘तू आपले धान्य गोळा करशील’ असे वचन आहे, तेव्हा शिक्षणाबरोबर शेतीही जगाच्या रीतीने करावी. शिमोन बार योहाय विचारतात, नांगरणीला नांगरणी, पेरणीला पेरणी, मळणीला मळणी करत बसले तर तोराचे काय होणार? चौथ्या शतकात बाबिलोनियातले अबाये यांनी निकाल देण्याऐवजी अनुभव सांगितला: इश्माएलप्रमाणे अनेकांनी केले आणि त्यांना जमले; शिमोनप्रमाणे अनेकांनी केले आणि त्यांना जमले नाही. त्यांचे समकालीन रावा शिष्यांना सांगत, नीसान आणि तिश्री महिन्यांत माझ्यापुढे येऊ नका, म्हणजे वर्षभर पोटाची विवंचना राहणार नाही. हे दोन महिने कापणीचे आणि द्राक्षे-ऑलिव्ह गाळण्याचे. भरवशाची शिकवण देणारे गुरूच शेतीच्या हंगामात वर्ग बंद ठेवत होते, ही नोंद फार मोलाची आहे.

अकराव्या शतकात स्पेनमध्ये बह्या इब्न पाकूदा यांनी अंतःकरणाच्या कर्तव्यांवरच्या आपल्या अरबी ग्रंथाचे एक पूर्ण प्रकरण भरवशाला दिले. साधने हाताळावीत, व्यवसाय करावा. पण लाभ किंवा हानी साधनांच्या हाती आहे असे मानू नये. तेव्हापासून प्रयत्न आणि भरवसा ही जोडी यहुदी नीतिग्रंथांत कायम एकत्र येते. गल्लत होते ती दोन प्रकारे: प्रयत्न सोडून त्याला श्रद्धा म्हणणे, आणि प्रयत्नाची मात्रा वाढवत नेऊन ओमेरचे माप विसरणे.

रानातून जेवणाच्या मेजावर

यहोशवा ग्रंथाप्रमाणे लोक वचन दिलेल्या देशात गिलगालला आले, वल्हांडणाच्या (मिसरातून सुटकेच्या सणाच्या) दुसऱ्या दिवशी देशातले धान्य खाल्ले आणि मान्ना थांबला. नियम मात्र घराघरांत उतरले. तालमूदच्या मते जेवणानंतरच्या प्रार्थनेतला पहिला आशीर्वाद, सर्वांना अन्न देणाऱ्याचा, मोशेने मान्ना पडला तेव्हा घालून दिला. भूमीबद्दलचा दुसरा यहोशवाने देशात शिरल्यावर.

शब्बाथच्या मेजावर दोन पाव ठेवतात, शुक्रवारच्या दुप्पट मान्नाची आठवण म्हणून. दोन्ही अखंड हवेत. कोपरा तुटलेला किंवा आधीच कापलेला पाव चालत नाही. खाली कापड किंवा फळी, वर झाकण, कारण मान्ना दवाच्या दोन थरांमध्ये असे. आशीर्वाद म्हणताना दोन्ही पाव हातात धरतात आणि कापतात एकच. राव काहाना असेच करत, हे तालमूदने नोंदवून ठेवले आहे. शब्बाथची तीन जेवणेही याच अध्यायातून काढली आहेत: ‘आज हे खा, आज शब्बाथ आहे, आज ते रानात मिळणार नाही’ या वचनात ‘आज’ तीनदा येते.

ओमेरचे माप कणकेतही राहिले. कणीक मळताना त्यातला गोळा बाजूला काढण्याची ‘हल्ला’ ही आज्ञा कमीत कमी किती कणकेला लागू होते? रब्बींनी उत्तर मान्नावरून दिले: एक ओमेर, म्हणजे तीच ४३ आणि एक पंचमांश अंडी. प्रचलित मतांपैकी एकानुसार साधारण १.२ किलो पिठापासून आशीर्वाद न म्हणता गोळा काढतात आणि १.६७ किलोच्या आसपास किंवा त्यापुढे आशीर्वादासह. ऑलिव्हएवढा गोळा काढून तो जाळतात, खात नाहीत. तालमूदच्या एरुविन भागात याच मापाला जोडून आरोग्याचे वाक्य येते: एवढे खाणारा निरोगी आणि आशीर्वादित, जास्त खाणारा अधाशी, कमी खाणाऱ्याचे पोट बिघडलेले.

कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी समाजात मान्नाने शिकवलेला सातव्या दिवसाचा नियम धंद्यावरूनच ओळखू येई. गावोगाव तेल गाळणारी ही माणसे शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून रायगडच्या पट्ट्यात त्यांना ‘शनिवार तेली’ हे नाव पडले. वल्हांडणाच्या रात्री वाचायची हग्गादा १८४६ मध्ये मुंबईत मराठीसह छापली गेली, १८७४ मध्ये पुण्यात. तिच्यातल्या ‘दय्येनू’ या गीतात उपकारांच्या पायऱ्या चढत जातात आणि मान्नाच्या लगेच पुढची पायरी शब्बाथची आहे.

नैसर्गिक खुलाशांचा वाद

नवव्या शतकात हिवी अल-बल्खी या टीकाकाराने मान्ना म्हणजे पर्शियातला तरंजबीन, असे म्हटले. हा पदार्थ आपल्याकडेही युनानी औषधांत तुरंजबीन म्हणून येतो; जवाशाच्या झुडपावर जमणारी ही साखर आहे. बाराव्या शतकात भाष्यकार इब्न एझ्रा यांनी त्याला मुद्देसूद उत्तर दिले: तो ठरावीक महिन्यांतच मिळतो, शुक्रवारी दुप्पट पडत नाही. १९२७ मध्ये हिब्रू विद्यापीठाच्या मोहिमेत फ्रित्झ बोडेनहायमर यांनी सीनायमध्ये पाहिले की तॅमरिस्कच्या झाडांवरचे खवलेकीटक रस शोषतात. त्या रसात नायट्रोजन कमी असल्याने त्यांना तो भरपूर प्यावा लागतो आणि जादा साखर थेंबांच्या रूपाने ते बाहेर टाकतात. हे थेंब वाळून गोड खडे होतात. हे निरीक्षण पक्के आहे आणि त्याच्याशी भांडण्याचे कारण नाही. पण परंपरेने जे जपले ते माप, दिवस आणि दुप्पट वाटा. कीटकांच्या हंगामात ते सापडत नाही.

परशात हा-मान: मान्नाचा उतारा

मान्नाचा उतारा रोज वाचावा अशी शिफारस सोळाव्या शतकातल्या शुल्हान आरूख या धर्मसंहितेच्या पहिल्याच भागात आहे. पुढे रिमानोवचे रब्बी मेनाहेम मेंडेल, मृत्यू १८१५, यांच्या नावाने आणखी एक प्रथा रूढ झाली: ज्या आठवड्यात सभास्थानात तोराचा ‘बेशलाह’ हा पाठ असतो, साधारण जानेवारी-फेब्रुवारीत, त्यातल्या मंगळवारी निर्गम १६ मधली चौथ्यापासून छत्तिसाव्यापर्यंतची वचने हिब्रूत दोनदा आणि ओन्केलोसच्या अरामी भाषांतरात एकदा वाचायची. रोजीरोटीसाठी ही वाचायची पद्धत आज फार पसरली आहे आणि तिची पैशाच्या तोडग्यासारखी समजूत करून घेणारेही बरेच आहेत. मिश्ना बेरूरा हे १८८४ ते १९०७ दरम्यान निघालेले शुल्हान आरूखवरचे प्रमाण भाष्य तसे मानत नाही. रोजची मिळकत वरच्या देखरेखीखाली येते हे मनात ठसावे म्हणून हा उतारा म्हणायचा. नुसते म्हणणे पुरेसे नाही, काय म्हणतो आहोत याचा विचार हवा, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. पुरावा म्हणून त्याच अध्यायातले वाक्य पुढे केले जाते: जास्त वेचणाऱ्याचे काही उरले नाही, कमी वेचणाऱ्याला काही कमी पडले नाही.