कष्टार्तव (पाळीतील वेदना)

मासिक पाळीच्या सुमारास ओटीपोटात कळा येणे, कंबर आणि मांड्या भरून दुखणे व त्यामुळे शाळा, शेत किंवा घरचे काम अवघड होणे, या अवस्थेला कष्टार्तव म्हणतात. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत हे दुखणे बहुधा घरातल्या वडीलधाऱ्या बायकांच्या सल्ल्यावरच सोडले जाते. त्या सल्ल्यातील काही भाग उपयोगी आहे, काही निरुपद्रवी आहे आणि काही मात्र आयुष्यभराचे नुकसान करणारा आहे.

वेदनेचे कारण ठाऊक आहे. बीजांड सुटून गेल्यावर गर्भधारणा झाली नाही, की प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक घटते आणि गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये वाढतात. त्यांच्यामुळे गर्भाशयाचा स्नायू जोराने आवळला जातो, रक्तवाहिन्या दबतात, स्नायूला प्राणवायू अपुरा पडतो आणि कळ येते. याच द्रव्यांमुळे काहींना मळमळ आणि जुलाब होतात. प्रोस्टाग्लँडिनांवरील संशोधनासाठी १९८२ मध्ये बर्गस्ट्रॉम, सॅम्युएलसन आणि व्हेन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा ‘खराब रक्त साठल्याने दुखते’ किंवा ‘हल्लीच्या मुलींना सोसवत नाही’ ही दोन्ही स्पष्टीकरणे चुकीची आहेत.

प्राथमिक कष्टार्तव पहिल्या पाळीनंतर साधारण सहा महिने ते दोन वर्षांत, म्हणजे बीजांड नियमित सुटू लागल्यावर, सुरू होते; वेदना रक्तस्रावाबरोबर किंवा थोडी आधी उठते आणि दोन-तीन दिवसांत ओसरते. दुय्यम कष्टार्तवामागे मात्र दुसरा विकार असतो: एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणे), अ‍ॅडेनोमायोसिस (तसाच थर गर्भाशयाच्या स्नायूत वाढणे), गर्भाशयातील गाठी किंवा जंतुसंसर्ग.

आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, मेफेनामिक अ‍ॅसिड ही औषधे प्रोस्टाग्लँडिन तयार होणेच कमी करतात. म्हणून ‘अगदी असह्य झाल्यावरच गोळी घ्यावी’ हा सल्ला उलटा आहे. दुखणे सुरू होताच, काही खाऊन घेतलेली गोळी अधिक गुणकारी ठरते. पाळीचे दोन-तीन दिवस अशा गोळ्या घेतल्याने पुढे मूल होत नाही, या समजाला आधार नाही. मात्र पोटात व्रण, मूत्रपिंडाचा आजार, वेदनाशामकांनी बळावणारा दमा, गर्भधारणेची शंका किंवा डेंग्यूसारखा ताप असल्यास ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. मेफेनामिक अ‍ॅसिडने क्वचित होणाऱ्या गंभीर प्रतिक्रियेबद्दल भारतीय औषधसंहिता आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये सावध केले होते; गोळी घेतल्यानंतर ताप येऊन अंगावर पुरळ उठले, तर ती थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवावे. गोळ्यांनी भागत नसेल, तर डॉक्टर तपासून संप्रेरकांच्या गोळ्या सुचवतात.

घरगुती उपायांपैकी ओटीपोटावरचा शेक खरोखर आराम देतो. हलका व्यायामही उपयोगी पडतो. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असले, तरी हळदीचे दूध हे या वेदनेवरचे सिद्ध औषध नव्हे. आवडत असेल तर जरूर प्यावे, पण गोळीऐवजी नव्हे. पाळीत डोक्यावरून न्हाऊ नये, दही-ताक खाऊ नये, या नियमांचा कळांशी संबंध नाही. उलट गरम पाण्याने अंघोळ केल्यास बरे वाटते.

‘लग्न झाले, एक मूल झाले, की राहील’ हा सल्ला याहून घातक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांना एंडोमेट्रिओसिस असतो, आणि त्यामुळे गर्भधारणाच अवघड होऊ शकते. ज्या मुलीला वर्षानुवर्षे थांबायला सांगितले जाते, तिच्या उपचाराची वेळ त्यात निघून जाते.

सर्वांत गंभीर सल्ला ‘पिशवी (म्हणजे गर्भाशय) काढून टाका’ हा आहे. साताऱ्या-सांगलीच्या साखर कारखान्यांसाठी दर हंगामात बीडकडून ऊसतोडीची कुटुंबे येतात. पाळीत दुखले म्हणून काम बुडाले तर खाडा पडतो आणि उचलीतून पैसे कापले जातात. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांची पाहणी २०१९ मध्ये शासकीय समितीने केली, तेव्हा सुमारे ८२ हजार महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. केवळ पाळीतील वेदनेसाठी हा पहिला उपाय असूच शकत नाही. शस्त्रक्रियेत अंडाशयेही काढली, तर ऐन तारुण्यात रजोनिवृत्ती येते आणि हाडे ठिसूळ होऊ लागतात. अशी शस्त्रक्रिया सुचवली गेल्यास दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाचे मत घ्यावे. त्यासाठी जिल्हा रुग्णालय किंवा मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (स्थापना १९६२) गाठता येते.

दुखणे दर महिन्याला वाढत जाणे, पाळी नसतानाही दुखणे, संबंधाच्या किंवा शौचाच्या वेळी वेदना, अतिरक्तस्राव, ताप किंवा दुर्गंधीयुक्त स्राव ही तपासणी लांबवू नये अशी लक्षणे आहेत. सोनोग्राफीत काही दिसले नाही, तरी एंडोमेट्रिओसिस नाही असे ठरत नाही. त्यामुळे ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ एवढ्यावर रुग्णेने परत न फिरता दुखण्याची तारीखवार नोंद डॉक्टरांपुढे ठेवावी.