समेट घडवणं आणि पाठीशी उभं राहणं

घरातल्या मारहाणीची गोष्ट समाजातल्या जाणत्यांच्या किंवा धर्मगुरूंच्या कानावर गेली की बहुतेक ठिकाणी पहिली हालचाल एकच होते: दोघांना समोरासमोर बसवणं. हेतू चांगलाच असतो. संसार टिकावा, बोभाटा होऊ नये, मुलांची फरफट होऊ नये. पण भांडण मिटवणं वेगळं आणि मार खाणाऱ्या बाईला सुरक्षित करणं वेगळं. एकाच्या जागी दुसरं केलं तर तिच्या जिवावर बेतू शकतं.

समेटाला एक अट लागते: दोघांनाही मनातलं बोलता यावं आणि बोलल्याची शिक्षा मिळू नये. पैशांवरून खटके उडतात, आवाज चढतात, पण कोणी कोणाला घाबरत नाही, अशा जोडप्याला मध्यस्थ खरंच उपयोगी पडतो. हिंसेत ती अटच पुरी होत नाही. प्रश्न तिला विचारलेला असतो. ती आधी त्याच्याकडे बघते आणि मग म्हणते, ''तसं काही नाही.'' खरं बोललीच, तर त्याचा हिशेब घरी गेल्यावर चुकता होतो. युरोप परिषदेच्या २०११ च्या इस्तंबूल कराराचं कलम ४८ अशा हिंसेत सक्तीच्या मध्यस्थीवर बंदी घालायला सांगतं, ते उगीच नाही.

फरक ओळखायचा तर तिच्याशी एकटीशी बोलावं लागतं. सासूच्या, नणंदेच्या किंवा मुलांच्या देखत नाही. ''तुम्ही नाही म्हणालात तर काय होतं?'' हा एक प्रश्न पुष्कळ काही सांगून जातो. मग पैसे कोणाच्या हातात असतात, फोन कोण तपासतं, कोणाकडे जायला मनाई आहे, हे विचारावं. गळा दाबला होता का, हे स्पष्ट शब्दांत विचारावंच. वळ दिसला नाही तरी आत इजा झालेली असू शकते, म्हणून डॉक्टरकडे जायला हवं. शिवाय पुढे खून होण्याचा धोका अशा घरात खूप वाढलेला असतो.

पाठीशी उभं राहणं म्हणजे तिला ''आजच निघून ये'' म्हणणंही नव्हे. घर सोडण्याच्या सुमाराचा काळ सर्वांत धोक्याचा असतो. निघायचं की नाही आणि कधी, हे तिनं ठरवायचं. आपण तयारी करून ठेवायची: कागदपत्रांच्या प्रती, औषधं, जादा किल्ली आणि थोडे पैसे विश्वासाच्या घरी, मदत हवी असल्याचा ठरलेला एखादा शब्द, आणि तिच्याशी संपर्काची सुरक्षित वेळ. ''कोणालाच सांगणार नाही'' असं वचन मात्र सुरुवातीला देऊ नये. मुलांच्या जिवाला धोका दिसला तर कळवावंच लागतं.

संस्कृतीचा मान राखण्यातही हाच घोळ होतो. मान तिच्या श्रद्धेचा राखायचा, त्याच्या हाताला सूट द्यायची नाही. स्त्रियांवरील हिंसेविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या १९९३ च्या जाहीरनाम्यानं रूढी, परंपरा किंवा धर्म पुढे करून सरकारांना जबाबदारी टाळता येणार नाही, असं बजावलं आहे. निवाऱ्यात तिला चालणारं अन्न आणि प्रार्थनेला जागा मिळाली तर ती तिथे टिकते. दुभाषा नात्यातला नको. लहान समाजात तर ओळखीतलाही नको, बातमी घरी पोचते. काहींना कायद्यानं मिळालेला घटस्फोट पुरत नाही: परंपरानिष्ठ ज्यू स्त्रीला नवऱ्यानं 'गेट' हा धार्मिक काडीमोड दिल्याशिवाय पुन्हा लग्न करता येत नाही, आणि तो अडवून धरणं हेही छळाचंच हत्यार असतं. इथे वकिलापेक्षा धर्मगुरूचा शब्द वजनदार. सोसत राहणं हा धर्म नव्हे, हे त्यांनी सांगितलं तर तिला ते पटतं. प्रवचनात मात्र तिच्या प्रकरणाकडे बोट जाईल असं काही येऊ नये.

त्याच्याशी समाजातल्या पुरुषांनी जरूर बोलावं, पण तिच्या संमतीनं आणि ती सुरक्षित झाल्यावर. नाहीतर तक्रार तिनंच केली हे त्याला लगेच कळतं. चारचौघांत रडून घेतलेली शपथ हा बदलाचा पुरावा धरू नये, आणि क्षमेसाठी तिला गळ घालू नये. तो तिचा ठावठिकाणा विचारणं सोडतो का, ठरलेले पैसे वेळेवर देतो का, दोष तिच्यावर न ढकलता केलेलं कबूल करतो का, हे महिनोन्‌महिने बघावं लागतं. तोवर दोघांना एका खोलीत बसवू नये.