हापशाच्या दांड्यातला निरोप

इंटरनेटला जोडलेली वस्तू म्हटलं की मोबाइलवरून लागणारा दिवा नाहीतर एसी डोळ्यांपुढे येतो. मला आधी आठवतो तो केनियातला हापसा.

सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत दर 3 हापशांमागे साधारण 1 बंद असतो, असा अंदाज आहे. बिघाड पुष्कळदा किरकोळ असतो. एखादा वायसर बदलला की पाणी येतं. पण पाना घेऊन येणाऱ्या माणसाला ते कळायलाच आठवडे जातात.

ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी 2012 च्या सुमारास केनियातल्या हापशांच्या दांड्यात हालचाल ओळखणारं सेन्सर बसवलं. फोन आडवा धरला की स्क्रीन फिरते, ती ज्याच्यामुळे, त्याच जातीचं. दांडा किती वेळा खालीवर झाला, यावरून किती पाणी उपसलं याचा अंदाज येतो आणि तो आकडा एसएमएसने निघतो. दांडा हलेनासा झाला, की चौकशी सुरू. क्युसो भागातल्या प्रयोगात हापसा बंद राहण्याचा काळ सरासरी 27 दिवसांवरून 3 दिवसांच्या आत आला. अर्थात, निरोप मिळताच निघणारा मेकॅनिकही त्या प्रयोगात नेमलेला होता. तो नसता तर नुसते एसएमएस साचले असते.

एवढ्याशा कामाला वेगवान इंटरनेट लागत नाही, साधं टूजी पुरतं. जिथे तेही नाही तिथे ‘लोरा’ ही रेडिओ पद्धत कामी येते. ती एका वेळी मोजकेच बाइट पाठवते, पण मोकळ्या माळावर कित्येक किलोमीटर. आणि एका बॅटरीवर वर्षानुवर्षं.

केनियातच ‘एम-कोपा’ कंपनी घरगुती सौरसंचात सिम घालून ते हप्त्याने विकते. हप्ते भरायचे 2007 पासून चालू असलेल्या ‘एम-पेसा’ या मोबाइलवरून पैसे पाठवायच्या सेवेवर. एकरकमी पैसे नसलेल्या घरात त्यामुळे वीज आली, ही मोठीच गोष्ट. पण हप्ता चुकला की संच दुरूनच बंद होतो, हे मला खटकतं. मुलं अभ्यासाला बसली आहेत की नाही, हे त्या सिमला कळत नाही.

आता अनेक देशांत टूजी बंद करण्याच्या हालचाली आहेत. तसं झालं, तर फक्त टूजी समजणारी यंत्रं धडधाकट असूनही मुकी होतील. दुरून अपडेट पाठवून हे सुटणारं नाही. एकेका हापशापाशी जाऊन मोडेमच बदलावा लागेल.