पित्ताशय काढल्यावर पोट का बिघडतं?

दुर्बिणीतून पित्ताशय काढलेला माणूस बहुधा एक-दोन दिवसांत घरी येतो. टाके सुकतात, फिरणं सुरू होतं आणि एखाद्या रविवारी घरात मिसळ येते. वर तर्रीचा लाल तवंग, फरसाण, पाव. खाऊन थोडा वेळ होतो न होतो तोच पोट गुडगुडतं आणि संडासकडे धाव घ्यावी लागते.

पित्त तयार होतं यकृतात, दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर. पित्ताशय त्यातलं पाणी शोषून ते दाट करतं आणि 30 ते 50 मिलिलिटर साठवून ठेवतं. तेल-तुपाचा घास लहान आतड्यात उतरला की कोलेसिस्टोकायनिन नावाचं संप्रेरक सुटतं, पित्ताशय आकसतं आणि दाट पित्त नेमक्या वेळी हजर होतं. ऑपरेशननंतर ही वेळ साधत नाही. पातळ पित्त दिवसभर आतड्यात झिरपत राहतं. साध्या जेवणाला ते पुरतं, तर्रीला कमी पडतं. शिवाय एरवी सुमारे 95 टक्के पित्तक्षार, म्हणजे तेल-तूप पचवायला मदत करणारे पित्तातले घटक, लहान आतड्याच्या शेवटी शोषले जाऊन यकृतात परततात. ते जास्त प्रमाणात मोठ्या आतड्यात पोचले की तिथे पाणी सुटतं आणि जुलाब होतात.

म्हणून तूप कायमचं तोडायची गरज नसते. वरण-भातावरचं चमचाभर तूप बहुतेकांना सोसतं, भजी-बाकरवडीची बैठक सोसत नाही. उपासाची साबुदाणा खिचडी हलकी समजून खाल्ली जाते, पण तूप आणि दाण्याचं कूट मिळून तीही जडच. थोडं-थोडं, चार-पाच वेळा खावं. ओट्स, सफरचंद, इसबगोल यांनी शौच बांधून यायला मदत होते, मात्र एकदम वाढवलं तर गॅस धरतो.

बहुतेकांचा त्रास काही आठवड्यांत ओसरतो. ज्यांचा ओसरत नाही ते ‘आता असंच चालायचं’ म्हणून वर्षानुवर्षं गप्प बसतात, पीएमपीच्या बसने लांब जायचं टाळतात, याचं मला फार वाईट वाटतं. पित्तक्षारांना बांधून ठेवणारं कोलेस्टिरामाइन हे औषध आहे, डॉक्टरांना त्याबद्दल स्पष्ट विचारा. ते इतर गोळ्याही शोषू देत नाही, त्यामुळे दोन्हींत किती तासांचं अंतर ठेवायचं तेही विचारून घ्या.

डोळे पिवळे होणं, लघवी गडद आणि शौच पांढरट होणं, थंडी-ताप, उजव्या बरगडीखाली कळ ही लक्षणं मात्र खाण्यापिण्याची नव्हेत. पित्तनलिकेत खडा राहिलेला असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा.